हजेरी ७५ टक्के, पण लक्ष किती? वर्गातल्या दुर्लक्षाचा हिशेब निकालात कसा होतो?

सत्र संपत आले की पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर एक यादी लागते. ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची, म्हणजेच ‘डिफॉल्टर’ विद्यार्थ्यांची यादी. यादीत नाव आले की धावपळ सुरू होते. वैद्यकीय प्रमाणपत्र, पालकांना बोलावणे, जादा असाइनमेंट आणि विभागप्रमुखांची सही. नाव आले नाही की विद्यार्थी निर्धास्त.

मात्र ही यादी एकच गोष्ट मोजते : विद्यार्थी बाकावर बसला होता की नाही. बाकावर बसून तो फळ्याकडे पाहत होता की बाकाखाली रील, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही. ९० टक्के हजेरी असलेल्या मुलाची ‘केटी’ का लागली, हा अनेक घरांतला प्रश्न इथूनच सुरू होतो. वर्गात लक्ष नसल्याचा परिणाम गुणांवर नेमका कसा होतो, तो लवकर लक्षात का येत नाही आणि त्यावर खरोखर काम करणारे उपाय कोणते, ते समजून घेऊ.

हजेरीचा नियम मग निरुपयोगी आहे का?

नाही. वर्गात येणे महत्त्वाचे आहेच. मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये महाविद्यालयीन हजेरीवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्रवेश परीक्षेतले गुण किंवा अभ्यासाच्या सवयी यांच्यापेक्षाही वर्गातली हजेरी महाविद्यालयातल्या गुणांचा अंदाज अधिक चांगला देते, असा त्याचा निष्कर्ष होता.

अडचण वेगळी आहे. हजेरी सक्तीची झाली की ती उद्दिष्ट बनते आणि शिकणे मागे राहते. महाराष्ट्रात याचे उदाहरण आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी महाविद्यालयात नावापुरते प्रवेश घेतात आणि दिवसभर खासगी क्लासमध्ये बसतात. या ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला. बोटाचा ठसा यंत्रावर उमटतो. मन कुठे आहे, हे यंत्राला कळत नाही.

लक्ष विचलित होते तेव्हा काय घडते?

मेंदूत एका वेळी हाताळता येणाऱ्या माहितीला मर्यादा आहे. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार आपण एका क्षणी साधारण चार गोष्टीच मनात धरून ठेवू शकतो. याला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर ही रॅम आहे, हार्ड डिस्क नव्हे. फळ्यावरचे समीकरण, त्यातले चिन्ह, मागच्या ओळीत काय गृहीत धरले होते आणि आता काय सिद्ध करायचे आहे, एवढ्यातच ही जागा भरते.

अशा वेळी फोनवर सूचना आली आणि नजर पाच सेकंद खाली गेली, तर नुकसान फक्त पाच सेकंदांचे होत नाही. मनात धरलेल्या चारपैकी दोन-तीन गोष्टी निसटतात. विद्यार्थी पुन्हा फळ्याकडे पाहतो तेव्हा शिक्षक दोन ओळी पुढे गेलेले असतात. आता त्याला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात : सुटलेला दुवा शोधायचा आणि नवे ऐकायचे. बहुतेक जण पहिले काम सोडून देतात आणि फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेतात. वही भरते, पण समजत काही नाही.

यासाठी फोन हातात असायलाच हवा असेही नाही. खिडकीबाहेर पाहणे, पुढच्या तासाच्या सबमिशनची चिंता, घरातली भांडणे, रात्रीचे जागरण या सगळ्याचा परिणाम असाच होतो.

नुकसान लगेच का दिसत नाही?

विद्यार्थी, पालक आणि शिक्षक तिघेही इथेच फसतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले अर्नोल्ड ग्लास आणि मेंगशुए कांग यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हेच दाखवतो. एकाच विषयाच्या ११८ विद्यार्थ्यांना काही तासांना फोन-लॅपटॉप वापरण्याची मुभा होती, तर काही तासांना बंदी. प्रत्येक तासात छोट्या प्रश्नांची चाचणी घेतली जात असे.

त्या चाचण्यांत फरक दिसला नाही. फोन वापरणारेही त्या वेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत होते. सत्राच्या शेवटच्या परीक्षेत मात्र, ज्या तासांना फोनची मुभा होती त्या तासांतल्या भागावर गुण किमान ५ टक्क्यांनी घसरले. म्हणजे ऐकलेले त्या क्षणी कळले, पण टिकले नाही.

‘सर शिकवत होते तेव्हा सगळे समजत होते, पेपरमध्येच काही आठवले नाही’ ही तक्रार पुण्यातल्या कोणत्याही कट्ट्यावर ऐकायला मिळते. ती बहाणा असेलच असे नाही. अर्ध्या लक्षाने ऐकल्यावर विषय ओळखीचा वाटतो. या ओळखीलाच विद्यार्थी समज मानतात. ओळख आणि समज यांतला फरक प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर कळतो.

दहा मिनिटांचा हिशेब किती मोठा?

हे आकड्यांत पाहू. समजा, एका विषयाचे सत्रात ४० तास आहेत आणि अभ्यासक्रमात सहा युनिट आहेत. विद्यार्थ्याची हजेरी १०० टक्के आहे, पण प्रत्येक तासात मिळून १० मिनिटे त्याचे लक्ष नसते. ६० पैकी १० मिनिटे म्हणजे एक षष्ठांश. सत्राअखेर हा हिशेब सुमारे पावणेसात तासांचा होतो. म्हणजे पूर्ण एक युनिट तो वर्गात बसूनही शिकलेला नसतो.

प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असते. एक संपूर्ण युनिट बुडाले असते तर ते निदान ठळकपणे दिसले असते आणि मित्राची वही घेऊन भरून काढता आले असते. इथे सहाही युनिटमध्ये लहान-लहान भोके पडतात. कुठे काय सुटले, हे विद्यार्थ्यालाही माहीत नसते.

गणितातच सर्वाधिक फटका का बसतो?

कारण गणितात प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते. इतिहासाच्या तासाला एक प्रकरण नीट ऐकले नाही, तरी पुढचे प्रकरण बऱ्यापैकी समजते. अपूर्णांक कच्चे राहिले तर बीजगणित, बीजगणित कच्चे राहिले तर कलनशास्त्र अडते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ‘एम-थ्री’ हे नाव पुरेसे आहे. दुसऱ्या वर्षातला हा गणिताचा पेपर अनेकांच्या ‘केटी’चे कारण ठरतो. त्यातल्या अडचणीचे मूळ बहुतेकदा पहिल्या वर्षात असते. २०१९ च्या पॅटर्नमध्ये ‘एम-टू’च्या पहिल्या दोन युनिटमध्ये विकलन समीकरणे येतात. याच पॅटर्नमध्ये ३० गुणांची ‘इनसेम’ परीक्षा पहिल्या दोन युनिटवर होते आणि ७० गुणांची ‘एंडसेम’ उरलेल्या चार युनिटवर.

याचा परिणाम असा की विकलन समीकरणे इनसेममध्ये कशीबशी निभावली की त्या सत्रात त्यांच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही. एंडसेम चांगली गेली तर विषय सुटतोही. सुट्टीनंतर एम-थ्री सुरू होते आणि पहिलेच प्रकरण असते वरच्या कोटीच्या विकलन समीकरणांचे. तिथून पुढे लाप्लास रूपांतर, मग शाखेनुसार कंट्रोल सिस्टिम किंवा यंत्रांच्या कंपनांचा अभ्यास. पहिल्या वर्षीच्या एखाद्या कंटाळवाण्या दुपारी सुटलेला भाग दीड-दोन वर्षांनी असा समोर येऊन उभा राहतो. तोपर्यंत त्याचा वर्गातल्या दुर्लक्षाशी संबंध आहे हे कोणाला आठवतही नाही. निष्कर्ष काढला जातो, ‘याला गणित जमतच नाही.’

परीक्षेच्या आदल्या रात्री आप्पा बळवंत चौकातून आणलेली सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांची पुस्तके त्या पेपरपुरती नौका तारतात. पुढच्या सत्रात लागणारा पाया त्यातून भरला जात नाही.

शेजारच्या बाकावरचा फोनही महाग पडतो?

हो, आणि कदाचित अधिक महाग. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांना चाचणीत ११ टक्के कमी गुण मिळाले. धक्का दुसऱ्या प्रयोगात होता. स्वतः लॅपटॉप न वापरता, पण दुसऱ्याच्या चालू पडद्याच्या मागे बसलेल्या विद्यार्थ्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी भरले. प्रयोग लहान होते, पण रटगर्सच्या अभ्यासातही हेच चित्र होते. फोनची मुभा असलेल्या तासांना ज्यांनी फोनला हात लावला नाही, त्यांचेही गुण घटले.

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे २०२२ चे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. भारताने त्या फेरीत भाग घेतला नव्हता. सहभागी विकसित देशांत, गणिताच्या तासाला इतरांच्या डिजिटल उपकरणांमुळे लक्ष विचलित होते असे सांगणाऱ्या १५ वर्षांच्या मुलांना सरासरी १५ गुण कमी होते. कौटुंबिक परिस्थितीतला फरक लक्षात घेऊनही ही तफावत राहिली. पिसाच्या मोजमापात साधारण २० गुण म्हणजे एका वर्षाचे शिकणे. मात्र हा केवळ परस्परसंबंध आहे. फोनमुळेच गुण कमी झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

फोन वापरावा की नाही हा ‘माझा वैयक्तिक प्रश्न’ आहे, असे महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणतात. या निष्कर्षांकडे पाहिले तर मागच्या बाकावरच्या मुलीचाही त्यात वाटा निघतो.

मग फोन जमा करून घेतले तर?

या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर भारतातूनच मिळाले आहे. २०२५ मध्ये समोर आलेल्या एका संशोधनात देशातल्या १० उच्च शिक्षण संस्थांमधले जवळपास १७ हजार विद्यार्थी सहभागी होते. सोडत काढल्याप्रमाणे काही वर्गांत तासाआधी फोन जमा करणे सक्तीचे केले गेले, इतर वर्गांत नाही. फोन जमा झालेल्या वर्गांचे गुण सरासरी ०.०८६ प्रमाण विचलनाने वाढले.

हा आकडा समजून घ्यायला हवा. एखाद्या १०० गुणांच्या पेपरमध्ये गुणांचे प्रमाण विचलन १५ असेल, तर ही वाढ सव्वा गुणाच्या आसपास भरते. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ही सरासरी आहे आणि सगळ्यांचा फायदा सारखा नव्हता. अभ्यासात मागे असलेले, पहिल्या वर्षाचे आणि विज्ञान-तंत्रज्ञानाबाहेरच्या शाखांचे विद्यार्थी यांना जास्त फायदा झाला. उत्तीर्ण होण्यासाठी ४० लागत असतील आणि ३९ मिळाले असतील, तर एका गुणाची किंमत अख्खे वर्ष असू शकते.

इंग्लंडमधल्या ९१ शाळांच्या अभ्यासातही असेच दिसले होते. फोनबंदीनंतर मागे पडलेल्या मुलांचे गुण सर्वाधिक सुधारले, हुशार मुलांवर फरक पडला नाही. दुसरी बाजूही आहे. स्वीडनमध्ये २०२० मध्ये याच पद्धतीने केलेल्या अभ्यासात बंदीचा परिणाम आढळला नाही. बंदी म्हणजे हमखास इलाज, असे म्हणता येत नाही.

फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांत, नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांत फोनवर निर्बंध आणले. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शाळेत फोनवर सरसकट बंदी योग्य नसल्याचे सांगत, शाळेत आल्यावर फोन जमा करणे आणि वर्गात वापरास मनाई यांसारखी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुण्यासारख्या शहरात, जिथे मुले पीएमपीच्या बसने, मेट्रोने किंवा रिक्षाने एकटी ये-जा करतात, तिथे फोन घरीच ठेवा असे सांगणे पालकांनाही मान्य होणारे नाही. शाळेपर्यंत फोन आणि वर्गाबाहेर फोन, हा मधला मार्ग त्यामुळेच व्यवहार्य ठरतो.

फोन नसलेली मुलेही वर्गात पेंगतात, ती का?

कारण झोप पूर्ण झालेली नसते. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. सकाळी ७ च्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने रात्री साडेआठला झोपायला हवे. आईवडील कामावरून आठ-नऊला परतत असतील, तर हे गणित जुळत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना जाहीरपणे केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला. तो २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. स्कूलबस चालक आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी अडचणी मांडल्या. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक वर्ग भरत असतील तर वेळ सरकवायची कुठे, हा त्यांचा सवाल होता.

हा निर्णय चौथीपर्यंतच आहे. त्यापुढच्या मुलांचा दिवस शाळा, क्लास, गृहपाठ असा रात्री दहापर्यंत जातो आणि नंतर हातात फोन येतो. अमेरिकेतल्या ‘एमआयटी’मधल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनगटी उपकरणांनी विद्यार्थ्यांची झोप सत्रभर मोजली गेली. झोपेचा कालावधी, दर्जा आणि नियमितपणा यांचा गुणांमधल्या तफावतीशी जवळपास २५ टक्के संबंध आढळला. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे महिनाभर जागरण करून शेवटच्या रात्री लवकर झोपल्याने काही साधत नाही.

प्रत्येक दुर्लक्ष हा बेशिस्तपणा असतो का?

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ प्रगतिपुस्तकातला हा शेरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अनेकदा तो कारण न शोधताच लिहिलेला असतो.

फळ्यावरचे नीट दिसत नसलेले मूल काही वेळाने फळ्याकडे पाहणेच सोडते. कमी ऐकू येणारे मूल मागे बसून चुळबुळ करते. डबा न खाता आलेल्या मुलाला तिसऱ्या तासाला ग्लानी येते. वाचन-लेखनाची किंवा गणिताची विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला तासभर डोके घालूनही काही हाती लागत नाही, तेव्हा ते दुसरीकडे मन रमवते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना सवलतीही मिळतात. त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी. अवधानाशी संबंधित विकार, म्हणजे ‘एडीएचडी’, ओळखण्यासाठीही तज्ज्ञांची गरज असते. नुसत्या चंचलपणावरून तो ठरवता येत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’ची पथके मुलांची तपासणी करतात. त्या कार्डावर काय लिहिले आहे, हे पालकांनी वाचायला हवे.

पुण्यात आणखी एक कारण हमखास दिसते : माध्यम बदलणे. दहावी मराठीतून झालेला विद्यार्थी अकरावी विज्ञानाला किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला येतो आणि अचानक सगळे इंग्रजीत सुरू होते. कार्यकारी स्मृतीच्या चारपैकी दोन जागा भाषांतरातच जातात. बीड, लातूर, सोलापूर, जळगावहून येऊन पुण्यात खोली करून राहणाऱ्या अनेकांची पहिली काही महिने हीच अवस्था असते. बाहेरून ते ‘लक्ष नसलेले’ दिसतात. प्रत्यक्षात ते इतरांपेक्षा दुप्पट मेहनत करत असतात आणि थकून हात टेकतात. पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकण्याचा पर्याय सुरू झाला, तो याच पार्श्वभूमीवर. मात्र अशा जागा एकूण प्रवेशांच्या तुलनेत नगण्य आहेत.

‘१५ मिनिटांनंतर लक्ष राहतच नाही’ हे खरे आहे का?

शिक्षक प्रशिक्षणांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हे वाक्य नेहमी फिरते. त्याला ठोस आधार सापडत नाही. अमेरिकेत डायान बन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या हातात बटणे दिली आणि लक्ष विचलित झाले की दाबायला सांगितले. लक्ष १५ मिनिटे टिकून मग तुटते, असे चित्र दिसले नाही. ते तास सुरू झाल्याच्या पहिल्या मिनिटापासूनच जात-येत होते. बहुतेक वेळा हे भटकणे एखाद्या मिनिटाचे किंवा त्याहून कमी असे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षकांनी प्रात्यक्षिक दाखवले किंवा वर्गाला प्रश्न विचारला की लक्ष विचलित होण्याचे प्रमाण घटे. एवढेच नव्हे, त्यानंतरच्या व्याख्यानातही काही वेळ ते कमीच राहत असे. म्हणजे लक्ष किती वेळ टिकणार, हे शिकवण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते.

शिक्षक काय करू शकतात?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मधूनमधून प्रश्न. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राच्या २१ मिनिटांच्या ऑनलाइन व्याख्यानाचे चार भाग केले. एका गटाची प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी घेतली. या गटात मन भटकण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आणि टिपणे सुमारे तिप्पट झाली. अंतिम चाचणीतही हाच गट पुढे राहिला.

विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसते व्याख्यान देणाऱ्या वर्गांत नापास होण्याची शक्यता, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांपेक्षा दीडपट होती. परीक्षेतल्या गुणांत सरासरी सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडला.

६०-७० विद्यार्थ्यांच्या वर्गात आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत हे शक्य आहे का, असा शिक्षकांचा रास्त प्रश्न असतो. दर १५-२० मिनिटांनी फळ्यावर एक प्रश्न लिहून सगळ्यांना वहीत दोन मिनिटे उत्तर लिहायला लावणे, एवढेही पुरते. गुण देण्याची गरज नाही. तासाच्या शेवटी ‘आज न समजलेली एक गोष्ट’ चिठ्ठीवर मागितली तर पुढचा तास कुठून सुरू करायचा, हेही कळते.

विद्यार्थ्यांसाठी कोणत्या सवयी कामाच्या?

पहिली, फोन बंद करून दप्तरात. खिशात किंवा बाकावर उलटा ठेवलेला फोन पुन्हा-पुन्हा हात ओढतो.

दुसरी, जागा बदलणे. शेवटच्या बाकावरून समोर दहा-बारा पडदे दिसतात. दोन-तीन रांगा पुढे सरकले की त्यातले निम्मे नजरेआड होतात.

तिसरी, सुटलेल्या जागेवर खूण. लक्ष विचलित होणारच. ज्या क्षणी ते कळेल, त्या क्षणी वहीच्या समासात प्रश्नचिन्ह काढायचे आणि पुढचे ऐकायचे. तास संपल्यावर फक्त त्या खुणा मित्राला किंवा शिक्षकांना विचारायच्या. भोके कुठे आहेत हे माहीत असले की ती बुजवता येतात.

चौथी, त्याच संध्याकाळी वही न उघडता दहा मिनिटे आठवून लिहिणे. जे आठवत नाही ते वर्गात टिकलेले नाही. वाचून सगळे ओळखीचे वाटते, आठवून लिहिल्यावर खरी समज कळते.

पालकांनी काय पाहावे?

‘क्लास लावू का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. वर्गात लक्ष नसणाऱ्या मुलाला आणखी दोन तास दुसऱ्या वर्गात बसवल्याने झोप कमी होते आणि दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी घटते. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, झोपेचे तास मोजावेत, सकाळचे खाणे पाहावे आणि रात्री फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा. हे सगळे ठीक असूनही सहा महिने तक्रार कायम असेल, तर समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

निकालाची वाट पाहणे मात्र सर्वांत महागात पडते, कारण गुण घसरलेले दिसतात तेव्हा सुटलेला भाग कित्येक महिने मागे राहिलेला असतो. ‘आज काय शिकवले?’ याचे उत्तर बहुतेक मुले एका शब्दात देतात. ‘आज कुठला भाग कळला नाही?’ असे विचारले आणि उत्तर ऐकून रागावले नाही, तर मूल तो भाग शोधू लागते. रजिस्टरमध्ये न दिसणारी गैरहजेरी वेळेत पकडण्याचा घरातला हा सर्वांत सोपा मार्ग आहे.